पराभवासाठी देव पाण्यात!

आपला संघ जिंकावा म्हणून देव पाण्यात घालून बसणारे क्रीडारसिक आपल्याकडे गल्लोगल्ली सापडतील. पण आपल्याच संघाने हरावे, तेही मोसमाच्या अगदी शेवटच्या सामन्यात, अशी मनोमन इच्छा धरणारा चाहता मात्र आपल्याला बुचकळ्यात टाकेल. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस असे चाहते होते. नॉर्थ मेलबर्न हा त्यांचा क्लब. मोसमातील पहिले दोन सामने जिंकून त्याने सुरुवात तर झोकात केली होती. पण त्यानंतर ओळीने २० सामने तो हरला. शेवटचा सामना टास्मानिया बेटावरील होबार्ट येथे गोल्ड कोस्ट संघाशी होता. पाच महिन्यांच्या वनवासानंतर नॉर्थ मेलबर्नने तो जिंकला आणि नेमका याच विजयाने घात केला. कारण त्यामुळे हा संघ गुणतालिकेत तळाच्या अठराव्या स्थानावरून सतराव्या स्थानावर चढला आणि तळाची जागा पर्थच्या वेस्ट कोस्ट ईगल्सकडे गेली. तळाच्या जागेबरोबरच हार्ली रीड नावाचा अठरा वर्षांचा मुलगाही गेला.

हा प्रकार समजून घ्यायचा, तर त्या खेळाची आणि त्यातील खेळाडूभरतीच्या पद्धतीची थोडी ओळख हवी. ऑस्ट्रेलियन नियमांचा फुटबॉल आपल्याला परिचित नसला तरी तो जिथे खेळला जातो ते मेलबर्न क्रिकेट ग्राउंड आपल्याला घरच्यासारखे आहे. नाताळच्या दुसऱ्या दिवशी सुरू होणारी कसोटी आपण ज्या मैदानावर पाहतो, तेच मैदान तिकडच्या हिवाळ्यात या खेळाचे पंढरपूर बनते. क्रिकेटचेच लंबवर्तुळाकार मैदान, दोन्ही बाजूंना अठरा-अठरा खेळाडू, लांबट चेंडू, प्रत्येक टोकाला चार उंच खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथाडला तर सहा गुण, बाजूच्या खांबांतून गेला तर एक. इतके नियम ठाऊक असले तरी काम भागते. १८९६ मध्ये व्हिक्टोरिया राज्यात स्थापन झालेल्या लीगचे १९९० मध्ये 'ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग' असे नामांतर झाले आणि आज तिच्यात १८ संघ आहेत.

या लीगमध्ये क्लबला शाळकरी वयाचा खेळाडू थेट जाऊन उचलता येत नाही. दरवर्षी नोव्हेंबरमध्ये 'ड्राफ्ट' होतो. देशभरातील सतरा-अठरा वर्षांची गुणी मुले त्यात नाव नोंदवतात आणि क्लब आपापल्या क्रमाने एकेकाची निवड करतात. मुलाने कोणत्या शहरात जायचे, हे तो ठरवत नाही. क्रम उलटा असतो. जो संघ सर्वांत शेवटी, त्याला पहिला हक्क. विजेत्याचा नंबर शेवटी. श्रीमंताने आणखी श्रीमंत होऊ नये, गरिबाला वर यायला शिडी मिळावी, असा त्यामागील समाजवादी म्हणावा असा विचार. अमेरिकन फुटबॉलच्या लीगने १९३६ पासून ही पद्धत राबवली आणि ऑस्ट्रेलियाने ती १९८६ मध्ये स्वीकारली. त्याआधी गावे आणि जिल्हे क्लबांना वाटून दिलेले असत. ज्याच्या वाट्याला सुपीक मुलूख आला त्याचे उखळ पांढरे, बाकीच्यांनी कोरडवाहू जमीन नांगरायची. त्या मानाने ड्राफ्ट निश्चितच न्याय्य होता. आयपीएलमध्ये तळाला राहिलेल्या संघाला लिलावात कोणतीही खास सवलत मिळत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे या व्यवस्थेतील उदारपणा ठळकपणे जाणवतो.

पण उदारपणाला भोक असतेच. शेवटच्याला पहिला हक्क म्हटले, की शेवटचे येणे हा फायद्याचा व्यवहार होतो. एरवी हा मोह फारसा कोणाला पडत नाही. मात्र एखाद्या वर्षी पिढीत एखादाच निपजावा असा मुलगा ड्राफ्टमध्ये येणार, असा बोलबाला झाला की तळाची लढाईही रंगू लागते. हार्ली रीडच्या बाबतीत तेच घडले. मेलबर्नपासून सुमारे दोनशे किलोमीटरवरच्या टाँगाला या छोट्या गावातला हा मुलगा. दांडगे शरीर, धरायला गेलेल्याला खांद्याने झटकून पुढे निघण्याची ताकद, आणि त्याबरोबर चेंडूवर विलक्षण हुकमत. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात; याचे तर निवडीआधी वर्षभरापासून वर्तमानपत्रांत दिसत होते. परिणामी २०२३ मध्ये तळाच्या दोन संघांतील चढाओढीला 'हार्ली रीड कप' असे नावच पडले. त्या मोसमात वेस्ट कोस्टची अवस्था इतकी दयनीय होती, की सिडनीविरुद्धचा एक सामना त्यांनी तब्बल १७१ गुणांनी गमावला. अशा संघाने शेवटून दुसऱ्या सामन्यात वेस्टर्न बुलडॉग्जला हरवून खळबळ उडवून दिली. आता पहिला हक्क आपला, असे नॉर्थ मेलबर्नवाल्यांना वाटले असणार. पुढच्याच आठवड्यात त्यांच्या संघाने होबार्टला जिंकून ती आशा धुळीस मिळवली. दोन्ही संघांचे तीन-तीन विजय झाले आणि सरस गुणसरासरी नॉर्थच्या मुळावर आली.

खेळाडूंना मात्र याचे श्रेय दिलेच पाहिजे. मैदानावर उतरलेला खेळाडू पुढच्या वर्षी येणाऱ्या पोरासाठी हरत नाही. तो पोरगा कदाचित त्याचीच जागा घेणार असतो. हरण्याचा विचार शिजतो तो वरच्या मजल्यावर, जिथे पाच वर्षांचे आराखडे टेबलावर पसरलेले असतात. आणि हा केवळ संशय नाही, याची लीगला एकदा जाहीर दखल घ्यावी लागली होती.

२००९ चा मोसम. मेलबर्न डेमन्स हा या खेळातील सर्वांत जुन्या क्लबांपैकी एक तळाशी चाचपडत होता. त्या काळच्या नियमानुसार सलग दोन मोसमांत चार किंवा त्याहून कमी सामने जिंकणाऱ्या संघाला पहिल्या फेरीच्याही आधी एक जादा निवड मिळे. मेलबर्नने २००८ मध्ये तीनच सामने जिंकले होते. म्हणजे २००९ मध्ये चार विजयांपर्यंत थांबले तर देशातील पहिली दोन्ही मुले आपली. पाचवा विजय मिळवला की त्यातले एक हातचे गेले! रिचमंडविरुद्धच्या अठराव्या फेरीच्या सामन्यात मेलबर्न अखेरपर्यंत आघाडीवर होते. शेवटचा भोंगा वाजल्यानंतर रिचमंडच्या जॉर्डन मॅकमहॉनने मारलेल्या किकवर गोल झाला आणि मेलबर्न चार गुणांनी हरले. मेलबर्नच्या किती पाठीराख्यांनी त्या क्षणी हळहळ व्यक्त केली आणि किती जणांनी सुटकेचा नि:श्वास टाकला, याची मोजदाद कोण करणार? मोसमाअखेर विजय बरोबर चार भरले. पहिला हक्क वापरून टॉम स्कली आणि दुसरा वापरून जॅक ट्रेंगोव्ह, असे दोन तारे मेलबर्नने घरी आणले.

पुढे २०१२ मध्ये क्लबच्या एका माजी खेळाडूने दूरचित्रवाणीवर त्या दिवसांविषयी तोंड उघडले आणि चौकशी लागली. फेब्रुवारी २०१३ मध्ये निकाल आला. क्लबने मुद्दाम सामने हरल्याचे सिद्ध होत नाही, असे लीगने जाहीर केले आणि त्याच दमात क्लबला पाच लाख डॉलरचा दंड ठोठावला, त्या वेळचे प्रशिक्षक व फुटबॉल व्यवस्थापक यांना निलंबित केले. गुन्हा नाही, पण शिक्षा आहे, असा हा अजब न्याय. अशा निकालांची सवय असलेल्या आपल्या वाचकांना त्याचे फारसे नवल वाटू नये.

त्या दोन ताऱ्यांचे पुढे काय झाले, हा भाग अधिक बोलका आहे. स्कली दोनच मोसम खेळला आणि २०११ अखेर नव्याने निघालेल्या ग्रेटर वेस्टर्न सिडनी संघाने घसघशीत करार देऊन त्याला पळवले. ट्रेंगोव्हला विसाव्या वर्षीच सहकर्णधार करण्यात आले. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, पण इथे त्या काडीच्या खांद्यावर अख्खी बुडती नौका लादली गेली. पायाच्या दुखापतीने त्याचे पुढचे मोसम खाल्ले आणि अखेर तो दुसऱ्या क्लबात गेला. दरम्यान २०११ मध्ये मेलबर्नने जिलाँगविरुद्धचा सामना १८६ गुणांनी गमावला आणि पाठोपाठ प्रशिक्षकाची हकालपट्टी झाली.

आता त्याच ड्राफ्टमधली पुढची नावे पाहू. तिसऱ्या क्रमांकावर रिचमंडने डस्टिन मार्टिनला घेतले. त्याने रिचमंडला २०१७, २०१९ आणि २०२० अशी तीन अजिंक्यपदे मिळवून दिली आणि तिन्ही अंतिम सामन्यांत तोच सर्वोत्तम खेळाडू ठरला. विसाव्या क्रमांकावर फ्रीमँटलला मिळालेल्या नॅट फाइफने लीगमधील सर्वोच्च वैयक्तिक मानाचे ब्राउनलो पदक दोनदा पटकावले. आणि चौतिसाव्या क्रमांकावर, जिथवर पोचेतो सामान्य प्रेक्षकाने दूरचित्रवाणी संच बंद केलेला असतो, तिथे खुद्द मेलबर्ननेच मॅक्स गॉन नावाच्या एका उंचेल्या मुलाला घेतले होते. २०२१ मध्ये मेलबर्नने ५७ वर्षांचा दुष्काळ संपवून अजिंक्यपद जिंकले, तेव्हा चषक उंचावणारा कर्णधार हाच गॉन होता. ज्या दोघांसाठी क्लबने आपली अब्रू पणाला लावली, त्यांपैकी एकही त्या दिवशी संघात नव्हता.

मेलबर्न वर आले ते २०१४ मध्ये पॉल रूस यांच्यासारखा जाणता प्रशिक्षक आल्यानंतर, क्लबची घडी बसल्यानंतर. त्याच्याच कारकिर्दीत क्रिस्टियन पेट्राका दुसऱ्या आणि क्लेटन ऑलिव्हर चौथ्या क्रमांकावर मिळाले आणि रुजले. हे दोघेही वरच्याच क्रमांकाचे. तेव्हा वरच्या क्रमांकाला किंमत नाही, असे कोणी म्हणू नये. पण बी कितीही जातिवंत असले तरी नापीक जमिनीत ते कुजते, ही गोष्ट शेतकऱ्याला सांगावी लागत नाही. क्लबच्या संचालक मंडळांना मात्र पुन:पुन्हा सांगावी लागते. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातील मेख इथे आहे. ड्राफ्टची आशा जितकी चाहत्याला तगवते, त्याहून अधिक ती क्लबच्या कारभाऱ्यांना तारते. यंदा हरलो, पण पुढच्या वर्षी अमुक मुलगा येतोय, असे म्हटले की वार्षिक सभेतले अर्धे प्रश्न आपोआप विरतात. न आलेल्या मुलाच्या नावावर काढलेले हे कर्ज असते, आणि ते फेडायचे असते त्या मुलाने.

कार्लटनचे उदाहरण तर पाठ्यपुस्तकात घालावे असे आहे. या नामांकित क्लबने २००५, २००६ आणि २००७ अशी ओळीने तीन वर्षे पहिली निवड मिळवली. पुढे २०१५ आणि २०१८ मध्ये पुन्हा दोनदा. पाच वेळा देशातील पहिला मुलगा त्यांच्या घरी आला. हे पाचही जण चांगलेच खेळाडू निघाले, पण १९९५ नंतर अजिंक्यपद काही कार्लटनच्या दारी फिरकले नाही. १९९९ नंतर २०२५ पर्यंत अंतिम सामन्याचे तोंडही त्यांनी पाहिले नाही. दैव देते आणि कर्म नेते, यापेक्षा वेगळे काय म्हणायचे?

चाहत्याच्या आशेची दुसरी बाजू म्हणजे हुकलेल्या निवडीची सल. २००४ मध्ये रिचमंडकडे पहिला आणि चौथा असे दोन क्रमांक होते. चौथ्या क्रमांकावर त्यांनी रिचर्ड टॅम्बलिंगला निवडले. पाचव्या क्रमांकावर हॉथॉर्नने लान्स फ्रँकलिनला घेतले. फ्रँकलिनने पुढे एक हजाराहून अधिक गोल केले; २०२२ मध्ये सिडनीकडून खेळताना त्याने हजारावा गोल मारला तेव्हा प्रेक्षक कठडे ओलांडून मैदानात घुसले होते. टॅम्बलिंग रिचमंडसाठी शंभराहून अधिक सामने खेळला. या लीगमध्ये शंभर सामने खेळणे म्हणजे खायचे काम नव्हे. पण त्याचे नाव आजही त्याच्या खेळासाठी नव्हे, तर 'फ्रँकलिनऐवजी घेतलेला' म्हणून निघते. त्याने स्वत:ची निवड स्वत: केली नव्हती. निवड करणारे अधिकारी विस्मरणात गेले, आणि टोमणे राहिले त्या मुलाच्या वाट्याला. आपल्याकडेही २००८ मध्ये आयपीएलच्या पहिल्या मोसमाआधी एकोणीस वर्षांखालील खेळाडूंचा असाच छोटा ड्राफ्ट झाला होता. दिल्लीने प्रदीप सांगवानला घेतले आणि विराट कोहली बेंगळुरूला गेला. दिल्लीचा मुलगा दिल्लीनेच सोडला, हे आजही सांगितले जाते; सांगवान हा त्या वेळी एक उत्तम डावखुरा वेगवान गोलंदाज होता, हे सहसा कोणी सांगत नाही.

मेलबर्नचाच जॅक वॉट्स २००८ मधला पहिला क्रमांक. जून २००९ मध्ये तो पहिला सामना खेळला तेव्हा बारावीची परीक्षा व्हायची होती. सामना राणीच्या वाढदिवसाच्या सुट्टीचा, कॉलिंगवूडविरुद्धचा, म्हणजे वर्षातील सर्वांत गाजावाजा होणाऱ्या सामन्यांपैकी एक. समोरच्या दांडग्या गड्यांनी त्या पोरसवदा खेळाडूला अक्षरश: लोळवले. हताश क्लबला चाहत्यांपुढे काहीतरी ठेवायचे होते आणि हाताशी जे होते ते त्याने ठेवले, एवढाच याचा अर्थ. वॉट्सला स्थिरावायला पुढे कित्येक वर्षे लागली आणि प्रत्येक वर्षी त्याचा हिशेब पहिल्या क्रमांकाने मागितला गेला.

तरीही, सगळे क्लब निदान एकाच रांगेत उभे असते तर चाहत्याच्या या भाबड्या आशेला काही अर्थ होता. पण रांगेत मधेच घुसण्याच्या वाटा लीगनेच ठेवल्या आहेत. क्लबसाठी शंभर सामने खेळलेल्या खेळाडूच्या मुलावर त्या क्लबचा अग्रहक्क असतो. भावनेच्या दृष्टीने हा नियम कोणालाही आवडावा असाच आहे. वडिलांची जर्सी मुलाच्या अंगावर पाहण्याचे सुख पैशात मोजता येत नाही. पीटर डायकॉस यांचा धाकटा मुलगा निक २०२१ मध्ये याच वाटेने कॉलिंगवूडला आला. त्याच्यासाठी गोल्ड कोस्टने चौथ्या क्रमांकावर बोली लावली, कॉलिंगवूडने नियमाप्रमाणे मागच्या क्रमांकांची मोड एकत्र करून ती चुकती केली आणि दोन वर्षांत, २०२३ मध्ये, अजिंक्यपद जिंकले. २०२२ मध्ये तर खुद्द नॉर्थ मेलबर्ननेच विल ॲशक्रॉफ्टवर दुसऱ्या क्रमांकाची बोली लावली. तो वडिलांच्या नात्याने ब्रिस्बेनला गेला आणि ब्रिस्बेनच्या २०२४ व २०२५ च्या दोन्ही अजिंक्यपदांच्या अंतिम सामन्यांत सर्वोत्तम ठरला. त्याच्या पाठोपाठ त्याचा भाऊही तिथेच दाखल झाला.

दुसरी वाट अकादमीची. क्वीन्सलंड आणि न्यू साउथ वेल्स या राज्यांत रग्बीचे प्राबल्य असल्याने तेथील चार क्लबांना स्थानिक मुले घडवण्यासाठी अकादमी चालवण्याची मुभा आहे आणि त्या मुलांवर त्यांचा अग्रहक्क. हेतू चांगलाच. पण २०२३ च्या ज्या ड्राफ्टमध्ये तळाचे दोन संघ रीडसाठी डोळे लावून बसले होते, त्याच ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत गोल्ड कोस्टने अकादमीची चार मुले घरी नेली. बोली चुकती करण्यावरील सवलत लीगने अलीकडे कमी केली, त्यामुळे थोडा फरक पडेलही. परंतु वडील कोणत्या क्लबकडून खेळले आणि मुलगा कोणत्या राज्यात वाढला, यावर हक्क ठरू लागला की शेवटच्याला पहिला मान या तत्त्वाचा गाभाच पोकळ होतो. तळाच्या संघाचा चाहता वर्षभर मानहानी सोसून रांगेत पुढे येतो आणि खिडकीपाशी पोचल्यावर त्याला कळते, की काही तिकिटे आधीच राखून ठेवलेली होती.

तळाच्या संघांना चिठ्ठ्या टाकून क्रम द्यावा, म्हणजे मुद्दाम हरण्यात स्वारस्य उरणार नाही, असा उपाय अधूनमधून सुचवला जातो. अमेरिकेतील बास्केटबॉल लीगने १९८५ पासून तो केला आहे. माझ्या दृष्टीने त्याने मोह कमी होईल, रोग बरा होणार नाही. कारण मुलगा मिळणे आणि मुलगा टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नॉर्थ मेलबर्नएवढा याचा चटका कोणाला बसला नसेल. २०२१ मध्ये त्यांनी पहिल्या हक्काने जेसन हॉर्न-फ्रान्सिसला निवडले. दक्षिण ऑस्ट्रेलियातील हा मुलगा एकच मोसम थांबला आणि आपल्या गावी, पोर्ट ॲडलेडकडे निघून गेला. त्या व्यवहारातून मिळालेल्या क्रमांकांवर नॉर्थने हॅरी शीझेल आणि जॉर्ज वॉर्डलॉ यांना आणले. शीझेलने २०२३ मध्ये लीगचा सर्वोत्तम उदयोन्मुख खेळाडूचा पुरस्कार मिळवला, पण त्याच मोसमात त्याचा संघ ओळीने वीस सामने हरत होता. आगीतून फुफाट्यात म्हणावे, की फुफाट्यात एक हिरवा कोंब म्हणावे?

अठरा वर्षांच्या मुलाने आईवडील, शाळा, मित्र सोडून अडीच-तीन हजार किलोमीटरवर जायचे, आणि घरची ओढ लागली तर त्याला कृतघ्न ठरवायचे, ही या पद्धतीतील क्रूर बाब आहे. शिक्षणा-नोकरीसाठी मुले परगावी पाठवलेल्या मराठी घरांना ती अधिक नेमकी कळेल. रीडची निवड वेस्ट कोस्टने केली त्या दिवसापासून तो व्हिक्टोरियाला कधी परतणार, यावर पैजा लागाव्यात अशी चर्चा सुरू झाली. तोवर त्याने एकही सामना खेळलेला नव्हता! त्याच्या पहिल्या मोसमात वेस्ट कोस्टने पाच सामने जिंकले आणि मोसम संपण्याआधीच मुख्य प्रशिक्षक पायउतार झाले. २०२५ मध्ये नव्या प्रशिक्षकाच्या हाताखाली संघाने एकच सामना जिंकला आणि तो पुन्हा तळाला गेला. अशा स्थितीत रीडने २०२५ मध्ये करार वाढवून २०२८ अखेरपर्यंत पर्थमध्येच राहण्याचे ठरवले. पर्थच्या वर्तमानपत्रांना आणि चाहत्यांना अजिंक्यपद मिळाल्यासारखा आनंद झाला. मैदानावर काहीच बदलले नव्हते. एक मुलगा घरी गेला नाही, एवढेच घडले होते. अशा बातमीवर एका मोठ्या शहराला मोसम काढावा लागतो, यावरून त्या क्लबची अवस्था कळते.

चाहत्याला मात्र मी यात दोष देणार नाही. या लीगमधील बहुतेक क्लब कोणा उद्योगपतीच्या मालकीचे नाहीत. ते सभासदांच्या वर्गणीवर चालतात. २०२३ मध्ये अठरा क्लबांची मिळून सभासदसंख्या बारा लाखांच्या वर होती. आजोबांनी घेतलेले सभासदत्व नातू चालवतो आणि संघ तळाला गेला म्हणून कोणी क्लब बदलत नाही. तसा विचारही कुलबुडवेपणाचा मानला जातो. ज्याला सोडून जाण्याची मुभा नाही, तो पुढच्या नोव्हेंबरकडे डोळे लावून बसणारच. त्याने मुलांच्या स्पर्धांचे तुकडे तुकडे पाहावेत, वर्तमानपत्रांतील ड्राफ्टचे अंदाज पाठ करावेत, ज्याला कधी भेटलेला नाही त्या मुलाच्या गुडघ्याची काळजी करावी, यात त्याचे काही चुकत नाही. त्याने एवढेच विचारायला हवे, की तो मुलगा येईल तेव्हा त्याला शिकवायला कोण असेल, त्याच्या शेजारी कोण खेळेल, आणि मागच्या वेळी आलेला का गेला? हे प्रश्न ड्राफ्टच्या रात्री कोणी विचारत नाही. त्या रात्री सगळेच क्लब श्रीमंत असतात.

२०२३ च्या त्या नोव्हेंबरात रीड गेल्यावर दुसऱ्या क्रमांकावर नॉर्थ मेलबर्नने कोल्बी मॅकर्चर या मुलाला घेतले. तो टास्मानियाचा, लाँसेस्टनचा. ज्या बेटावरच्या विजयाने नॉर्थची पहिली निवड हुकली, त्याच बेटाचा मुलगा त्यांच्या पदरात पडला. टास्मानियाने या खेळाला पिढ्यान्‌पिढ्या नामांकित खेळाडू दिले, पण लीगमध्ये स्वत:चा संघ त्याला कधीच मिळाला नव्हता. पाहुण्या क्लबांच्या सामन्यांवर त्याला समाधान मानावे लागे. होबार्टमध्ये नवे छताचे स्टेडियम उभारण्याच्या अटीवर मे २०२३ मध्ये एकोणिसाव्या संघाचा परवाना मंजूर झाला, आणि 'टास्मानिया डेव्हिल्स' २०२८ पासून उतरणार, असे ठरले. मार्च २०२४ मध्ये संघाचे नाव आणि जर्सी जाहीर होऊन दहा डॉलरचे सभासदत्व खुले झाले. पावणेसहा लाखांच्या आसपास वस्तीच्या त्या बेटावरच्या क्लबने दोन लाख सभासदांचा आकडा ओलांडला. संघात त्या दिवशी एकही खेळाडू नव्हता.